तिने मला दिलेलं नाव

हाताची घडी, तोंडावर बोट. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. मी ती लहानपणी पाळली आणि बाई झाल्यावर त्याच्या कितीतरी पट म्हटली. वर्गात कालवा वाढला की ती तोंडातून आपोआप निघायची. पोरं एका झटक्यात गप्प व्हायची आणि मला जरा दम खायला मिळायचा. त्यात वाईट काही आहे असं मला वाटत नव्हतं.

नोकरीला लागून तीनच वर्षं झाली होती. मालवणजवळच्या कट्टा गावाच्या आत, ओहोळापलीकडच्या एका वाडीतल्या शाळेवर मी होते. दोनच शिक्षक. गुरुजी तिसरी-चौथीला शिकवायचे, मी पहिली-दुसरीला. मी किनाऱ्यावरच्या किरिस्तांव घरातली, माडांखाली वाढलेली. तिथली भातशेती, काजूच्या बागा, पावसात अंगणापर्यंत येणारं पाणी, सगळंच मला नवं होतं. पण माणसं जीव लावणारी होती. गणपतीत माझ्यासाठी घराघरांतून मोदक यायचे आणि नाताळात मी नेवऱ्या वाटायचे.

माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. तिला ऐकू येत नव्हतं. गावात तिला सगळे मुकी म्हणायचे, आणि मीही तेच म्हणत असे. तिची आई तिला शाळेत सोडून गेली तेव्हा एवढंच म्हणाली होती, "बाईनू, चेडू घरात एकटा रवता. हंय पोरांत बसांदे." मी तिला खिडकीजवळ बसवलं. फळ्यावरचं ती सुंदर उतरवून काढायची. त्याचा अर्थ तिला कळतो की नाही, हे मी कधी तपासलं नाही. तपासायचं कसं हेही मला माहीत नव्हतं. डी.एड.ला आम्हाला एका सरांनी सांगितलं होतं की अशा मुलांना हातवारे करू देऊ नयेत, सवय लागते, मग ती बोलायला शिकत नाहीत. ते वाक्य मी नीट लक्षात ठेवलं होतं.

शाळेत खिचडी शिजवायला एक बाई यायच्या. साठीच्या, विधवा, पण केसांत रोज अबोलीचा वळेसर माळणाऱ्या. त्यावरून गावात कुणी काही बोललं की त्या म्हणायच्या, "फुलांका काय ठावक माझो घोव खंय गेलो तां?" पोरं त्यांना मावशी म्हणायची. ही मुलगी मधल्या सुट्टीत मावशींच्या चुलीपाशीच असायची. दोघींचं हातांनी काहीतरी चाललेलं असायचं. एकदा मावशी मला म्हणाल्या, "बाई, ह्यां चेडू माका सगळां सांगता. घरात काय शिजला, बापूस कधी येतलो, कोंबयेन आंडी खंय घातल्यान. तुमका येळ नाय, नायतर तुमकाव सांगतला."

मी हसले. मला वाटलं, म्हातारीचा खेळ आहे.

मावशींसाठी त्या मुलीची एक खूण होती. डोक्यामागे हात नेऊन अंबाड्याभोवती बोट फिरवायचं, आणि मग डाव ढवळल्यासारखा हात हलवायचा. ती खूण मला ठाऊक होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मी कितीतरी वर्षं स्वतःला समजावत राहिले की मला ती ठाऊक नव्हती.

त्या दुपारी तालुक्याहून साहेब आले होते. ते शेजारच्या वर्गात गुरुजींबरोबर दप्तर बघत बसले होते आणि मधली भिंत पातळ होती. खिचडी होऊन गेली होती. मी पोरांना पाढे लिहायला बसवलं होतं. मुलगी आपली ताटली विसळायला बाहेर गेली होती ती धावतच परत आली. तिने माझ्या साडीचा पदर धरला. दुसऱ्या हाताने डोक्यामागे बोट फिरवलं, डाव ढवळला, आणि मग तळहात एकदम खाली आपटला. परत तेच केलं. तोंडातून आवाज येत होता, मोठा, चिरका. पोरं हसायला लागली. मी भिंतीकडे बघितलं.

मी तिला खांद्याला धरून जागेवर नेलं. तिचे हात माझ्या हातांनी घेतले आणि तिच्या छातीशी घडी घातली. तिचं बोट उचलून तिच्या ओठांवर ठेवलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि तशीच बसली. सांगितलेलं ऐकणारी मुलगी होती ती.

तास संपेपर्यंत पाऊण तास गेला असेल. घंटा झाल्यावर बाहेर पळालेली पोरं ओरडत परत आली. मावशी स्वयंपाकखोलीच्या मागे, लाकडांच्या थप्पीजवळ पडल्या होत्या. तोंड वाकडं झालं होतं. एका टेंपोतून त्यांना मालवणला नेलं. त्या वाचल्या, पण उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. आठ महिन्यांनी घरीच वारल्या.

कुणी मला काही विचारलं नाही. विचारणार कोण? मुलगी काय सांगायला आली होती हे तिला आणि मला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. दवाखान्यातून आल्यावर मावशींचा मुलगा आपणहून म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, झटकोच मोठो होतो. आदी कळला असता तरी काय्येक फरक पडलो नसतो." बिचारा मला धीर देत होता. पण डॉक्टर खरंच तसं म्हणाले होते, की मुलाने आपल्या समाधानासाठी तसं ऐकलं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मावशींना बघायला मी एकदा गेले. त्यांनी माझ्याकडे बघून डावा हात उचलला. मला वाटलं, माझ्यावर उगारतात. मी पाच मिनिटं बसले आणि निघाले. परत गेले नाही.

त्यानंतर ती मुलगी माझ्या वर्गात हात सोडेनाशी झाली. पूर्वी मी "सोडा" म्हटलं की ती इतरांचं बघून सोडायची. आता बघायचीच नाही. बाकीची पोरं लिहायला लागलेली असत आणि ही खिडकीकडे तोंड करून, घडी घालून, ओठांवर बोट ठेवून बसलेली. मी जाऊन तिचे हात सोडवायचे तेव्हा ते जड लागायचे. वर्ष संपलं. ती गुरुजींच्या वर्गात गेली आणि मी बदलीचा अर्ज केला.

बदलीच्या आधी मी इगर्जीत कुमसाराला, पापाची कबुली द्यायला, गेले. जाळीपलीकडून पाद्रींनी सगळं ऐकून घेतलं. मुद्दाम केलं होतं का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही. त्यांनी प्रार्थना सांगितल्या आणि पापातून मोकळं केलं. मी त्या प्रार्थना सांगितल्यापेक्षा जास्त वेळा म्हटल्या. तरी रस्त्यावर आल्यावर वाटलं, ज्याची माफी मागायची त्याची आपण मागितलीच नाही.

पुढच्या शाळांत सगळं सुरळीत होतं. लग्न झालं, मुलगा झाला, नवरा आखातात गेला आणि परत आला. वर्गही चांगले मिळाले. फक्त एक व्हायचं. पोरांनी घडी घातली आणि वर्ग गप्प झाला की माझी नजर खिडकीकडे जायची. तिथे कुणीही बसलेलं असो, मला एक पोर जास्त वाटायचं. मी हजेरी घ्यायचे. आकडा बरोबर यायचा. तरी पुन्हा मोजावंसं वाटायचं. सहशिक्षिका हसायच्या, म्हणायच्या, ह्या बाईंची हजेरी कधी संपतच नाही.

काही वर्षांपूर्वी एका बारशाला गेले होते. परतताना कट्ट्याला एस.टी.ची वाट बघत उभी होते. रस्त्यापलीकडे बायका ओल्या काजूगरांचे वाटे लावून बसल्या होत्या. त्यातली एक तरुण बाई माझ्याकडे बघत होती. मी ओळखलं नाही. मग ती उभी राहिली. तिने हाताची घडी घातली आणि ओठांवर बोट ठेवलं.

भर बाजारात, माणसांच्या आणि रिक्षांच्या गर्दीत, एक बाई तशी उभी. शेजारची बाई तिच्याकडे बघून हसली. गाडी आली. मी चढले. तिने हात सोडले, परत घडी घातली, परत बोट ठेवलं. गाडी वळेपर्यंत ती तेच करत होती. ती हसत होती की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

त्या दिवसापासून मी कट्ट्याला उतरणं सोडलं. माहेरच्या वाटेवर ते गाव येतं, पण मी खिडकीची जागा घेत नसे.

आता मी जिथे आहे ती शाळा समुद्राजवळ आहे. पहिलीपासून चौथीपर्यंत मिळून अठ्ठावीस पोरं. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये पहिलीत एक मुलगी आली. पहिल्या दिवशी तिची आई दारात घुटमळली आणि म्हणाली, "बाईनू, हेका आयकाक येणा नाय. तुमी फक्त बसवन घेवा."

पहिल्याच आठवड्यात पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला आणि माझ्या तोंडातून ती ओळ निघून गेली. सगळ्यांनी घडी घातली. नव्या मुलीने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि हळूच आपले हात दुमडले. बोट ओठांकडे नेलं. बरोबर झालं का, हे बघायला माझ्याकडे मान वर केली.

मी वर्गाबाहेर गेले. पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले. पोरांनी घडी सोडली नव्हती, कारण मी सोडा म्हटलंच नव्हतं. शेवटी दुसऱ्या बाईंनी जाऊन त्यांना मोकळं केलं. ती ओळ मी परत म्हटली नाही.

मुलीच्या आईकडूनच कळलं की कुडाळला एक शिंपी आहेत, त्यांना ऐकू येत नाही, आणि ते हातांची भाषा जाणतात. शनिवारी दुपारी मी गेले. पन्नाशीचे गृहस्थ, गळ्यात टेप. समोर टेबलावर काळ्या अस्तराचा एक तुकडा होता. गिऱ्हाइकांशी ते त्यावर शिंप्याच्या खडूने लिहून बोलत. त्यांनी लिहिलं, "काय शिवायचं?"

मी खडू घेऊन लिहिलं, "मला तुमची भाषा शिकायची आहे."

त्यांनी तुकडा झटकून पुसला. "कोणासाठी?"

"वर्गात एक मुलगी आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग लिहिलं, "तुम्ही एकट्या शिकून काय होणार? ती दिवसभर बाईंशीच बोलणार? सगळ्या पोरांना शिकवा. मी येतो."

ते खरंच आले. दर शनिवारी, सकाळच्या शाळेला, पहिल्या एस.टी.ने. मानधन काही नव्हतं. पोरं त्यांना माडाची शहाळी द्यायची आणि मी जेवण घालायचे.

त्यांचा पहिला धडा खुणांचा नव्हताच. तो बघण्याचा होता. त्यांनी पोरांना समोरासमोर बसवलं आणि एकमेकांच्या तोंडाकडे नजर न हलवता बघायला लावलं. पोरांना ते जमेना. आपण मान फिरवून, पाटीत डोकं खुपसून, पाठीमागून बोलतो. त्यांच्यात तसं चालत नाही. समोरचा बोलत असताना नजर काढणं म्हणजे आपल्यात कुणाच्या तोंडावर दार लावण्यासारखं आहे. हाक मारायची तर खांद्यावर दोनदा हलकं थोपटायचं, किंवा जमिनीवर पाय आपटायचा, किंवा दिव्याचं बटण खालीवर करायचं. बोलणाऱ्याचे हात धरायचे नाहीत. हे त्यांनी तीनदा सांगितलं. टाळ्या वाजवायच्या नाहीत, दोन्ही हात वर करून हलवायचे. पोरांना हे इतकं आवडलं की ती प्रार्थना संपल्यावरही हात हलवायला लागली.

मग खुणा सुरू झाल्या. पुरुषासाठी मिशीला पीळ, बाईसाठी नाकपुडीला बोट, म्हणजे नथ. एका पोराने विचारलं, आमच्या बाई नथ घालत नाहीत, मग त्या काय? शिंपीदादांना मी ते लिहून दाखवलं तेव्हा ते पोट धरून हसले. त्यांचं हसणं मोठं होतं, आणि पहिल्या दिवशी त्या आवाजाला घाबरलेली पोरं तिसऱ्या शनिवारपर्यंत त्यांच्याबरोबर हसायला लागली होती. एका मुलीने विचारलं, स्वप्नात तुम्ही कसे बोलता? त्यांनी झोपल्याची खूण केली आणि मग हात हलवले. हे काय विचारणं झालं, असा त्यांचा चेहरा होता.

एकदा त्यांनी खुणांनी आणि फळ्यावर लिहून आपल्या शाळेची गोष्ट सांगितली. घाटावरच्या वसतिगृहात होते. वर्गात हात हलवला की बोटांच्या पेरांवर पट्टी. म्हणून पोरं भांडी घासायच्या हौदापाशी आपसात बोलायची, राखेने भरलेल्या हातांनी. "आमची सगळी भाषा मी त्या हौदावर शिकलो," ते म्हणाले. पोरांनी ऐकून घेतलं. मी मागच्या बाकावर बसले होते. मला मान खाली घालता येईना, कारण नजर काढायची नाही हे त्यांनीच शिकवलं होतं.

पावसाळा संपता संपता त्यांनी नावं दिली. बहिऱ्यांच्यात प्रत्येकाला एक खुणेचं नाव असतं, आणि ते आपलं आपण घ्यायचं नसतं. त्यांच्यातल्याच कुणीतरी द्यायचं असतं. ते एकेका पोराकडे बघत आणि विचार करत. गालाला खळी पडणारी झाली खळी. सारखी चड्डी वर ओढणारा झाला चड्डी ओढणं, आणि त्याला त्याचा केवढा अभिमान. त्या छोट्या मुलीला कपाळावर कापलेल्या केसांवरून नाव मिळालं. दोन बोटं कपाळावर कात्रीसारखी. त्या दिवशी तिने ते नाव घरी जाईपर्यंत सतत केलं. सहा वर्षांत तिला कुणी असं हाकारलंच नव्हतं.

शेवटी ते माझ्याकडे वळले. मी थांबा म्हटलं. मला एक नाव आहे बहुतेक, असं मी लिहिलं, आणि कट्ट्याच्या बाजारात बघितलेलं करून दाखवलं. हाताची घडी घातली, ओठांवर बोट ठेवलं.

त्यांनी खुणेने विचारलं, कुणी दिलं? मी त्या काळ्या तुकड्यावर लिहायला लागले. तुकडा भरला, पुसला, परत भरला. मावशी, तो पाऊण तास, बाजार, सगळं लिहिलं. इतक्या वर्षांत पाद्रींनंतर मी ते दुसऱ्यांदा कुणाला सांगत होते. पोरं मैदानात गेली होती. त्यांनी सगळं वाचलं. मग तुकडा पुसून त्यांनी लिहिलं:

"ती तुम्हाला हाक मारत होती."

मी लिहिलं, "म्हणजे ती माझ्यावर रागावली नव्हती?"

"ते मला माहीत नाही. नाव म्हणजे राग नाही. रोज जे दिसतं ते नाव. तिला हेच दिसलं."

मी लिहिलं, "बदलता येतं?"

त्यांनी मान हलवली. "मी बदलू शकत नाही. मी दुसरं देणारही नाही. तुम्हाला नाव आहे."

मार्चमध्ये शिंपीदादा आणि मी त्या जुन्या शाळेच्या वाडीत गेलो. ओहोळावर आता पूल झाला होता. तिचं घर विचारत गेलो. ती भावाच्या घरी राहत होती. अंगणात बसून काजूबिया वेगळ्या करत होती, बोटं चिकाने काळी पडली होती. मला बघून उठली आणि माझं नाव घेतलं. या वेळी मी चार पावलांवर होते. ती हसत होती. पण ते हसणं जुन्या बाई दिसल्यावरचं होतं, दुसऱ्या कशाचं नव्हतं, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही.

तिची भावजय बाहेर आली. "येवा, बसा. चाय ठेवतंय."

शिंपीदादा तिच्यासमोर बसले. तिला त्यांची भाषा येत नव्हती. तिच्या खुणा तिच्या घरातल्या, तिने स्वतः घडवलेल्या. पण ते थांबून थांबून, चेहऱ्याने, हवेत चित्रं काढून विचारत गेले, आणि अर्ध्या तासात दोघांचे हात असे चालायला लागले की माझी नजर पुरेना. भावजय चहाचा ट्रे घेऊन दारात उभीच राहिली. "इतक्या बोलता ह्यां?" ती म्हणाली. "आमच्याकडे कधी बोलूक नाय."

मी शिंपीदादांना म्हटलं, विचारा. काय विचारायचं हे त्यांना ठाऊक होतं.

तिने डोक्यामागे बोट फिरवलं. डाव ढवळला. मग ती उठली आणि अंगणात पडून दाखवलं, अगदी मावशी पडल्या होत्या तसं, आधी गुडघा, मग खांदा. धावली. माझा पदर धरला, म्हणजे हवेतला पदर. सांगितलं, परत सांगितलं. मग ती 'मी' झाली. माझा चेहरा केला, भिंतीकडे बघणारा. मी भिंतीकडे बघितलं होतं हेसुद्धा तिला आठवत होतं. मग घडी. आणि घडीतल्या घडीत तिने मान वळवून खिडकीबाहेर बघितलं आणि हाताचा पंजा जमिनीलगत धरून हलवला. शिंपीदादांनी मला सावकाश सांगितलं: तिच्या जागेवरून मावशींचं पाऊल दिसत होतं. ते हलत होतं.

भावजयीने चहा खाली ठेवला. तिला खुणा कळल्या नव्हत्या, पण ती गोष्ट कुणाची आहे हे कळलं होतं. ती म्हणाली, "ती जेवण करूची ती म्हातारी गो? माझी सासू सांगा होती, म्हातारी पडली तवसून ह्यां रोज जाय तिच्याकडे. शाळा सुटली की पयला थंय. म्हातारेक बोलाक येय नाय, घरातल्यांका काय समजा नाय. ह्यां बरोबर सांगा होता, पाणी होया, कूस बदलूची आसा, नातवाक बोलवा. म्हातारी मरासर जाय होता."

आठ महिने. मी पाच मिनिटं बसले होते.

मी शिंपीदादांकरवी विचारलं, तू मावशींना सांगितलंस का, की तू मला सांगायला आली होतीस?

तिने मान डोलावली. सांगितलं.

मग मावशी काय म्हणाल्या?

तिने उजवा हात मांडीवर मेल्यासारखा टाकला. डावा हात उचलला, बोटं अर्धवट मिटली, कपाळापासून खाली आणली आणि बाजूला सोडून दिली. मी भेटायला गेले होते तेव्हा मावशींनी हाच हात उचलला होता. मी शिंपीदादांकडे बघितलं. त्यांनी तिला परत करायला लावलं. तिने केलं. मग ते मला म्हणाले, "हे त्या दोघींचं आहे. मला येत नाही." तिला त्यांनी दोन-तीन प्रकारे विचारून बघितलं. ती तेच करून दाखवत राहिली. तिच्या दृष्टीने त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

मी काय करावं? मला माफीची खूण शिकवलेली होती, पण ती तिला येत नव्हती. मग मी वर्गातल्या पोरासारखे दोन्ही कान पकडले. ती मोठ्याने हसली. बाईने कान पकडलेले तिने आयुष्यात बघितले नव्हते. ती भावजयीला ओढून माझ्याकडे बोट दाखवत हसत होती. मग तिने आपल्या काळ्या बोटांनी माझे हात कानांवरून खाली काढले. तसेच, मी तिचे सोडवायचे तसे. आणि परत काजूबियांपाशी जाऊन बसली.

निघताना ओंजळभर काजूबिया तिने माझ्या पिशवीत टाकल्या.

गेल्या वर्षीच्या जूनपासून ती शनिवारी शाळेत येते. शिंपीदादांनीच भावाला पटवलं. पहिलीच्या बाकावर गुडघे बाहेर काढून बसते आणि अठ्ठाविसाव्या वर्षी पोरांबरोबर भाषा शिकते. पोरांनी तिला नाव दिलं नाही, शिंपीदादांनी दिलं. तिच्या भुवईतल्या व्रणावरून. माझं नाव आता पोरांनीही उचललं आहे. ती मैदानातून घडी घालून बोट ठेवतात आणि मी ओ देते. त्यांना त्यात काही वाटत नाही. मला वाटतं. दर वेळी वाटतं. वर्गात एक पोर जास्त असल्याचा भास अजून गेलेला नाही. तो जाईल असं मी धरूनही चाललेली नाही.

गेल्या महिन्यापासून त्या छोट्या मुलीची आईसुद्धा मागच्या बाकावर येऊन बसते. सुरुवातीला ती लाजायची, पदरात हात लपवायची. परवा सुट्टी झाल्यावर तिने पहिल्यांदा सगळ्यांसमोर मुलीला खुणेने विचारलं, भूक लागली? मुलगी थबकली. मग तिने दप्तर खाली टाकलं आणि दोन्ही हातांनी जे सुरू केलं ते थांबेचना. भूक, डबा, कुणीतरी पळवलेला खडू, समुद्र, कुत्रा, उद्या की काल, काहीतरी लांबलचक.

आई भांबावून माझ्याकडे वळली. "बाईनू, काय म्हणता ह्यां?"

मलाही निम्मंच कळलं होतं. मी तेवढं सांगू शकले असते.

"माका पण सगळां नाय समाजला," मी म्हटलं. "तिकाच परत विचारा."